वरून कॅमेरा देणारं माणूस

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फोनवर मी "बरंय, ठेवतो" म्हणतो म्हणून तू रुसलीस, तर घे, पत्र लिहायला बसलो. इथे बेटावर फोन फक्त धक्क्याच्या टोकाला लागतो आणि तिथे वारा इतका की तुझं निम्मं बोलणं समुद्रच ऐकतो.

सीझन संपला, आता उन्हाळ्यापर्यंत सगळं बंद. पाहुणे गेले, मालक गेले, स्वयंपाकी तर एक दिवस आधीच पळाला. बोटी वर ओढून झाकून ठेवल्या. डाइव्हिंग सेंटरच्या किल्ल्या माझ्याकडे, राखणही माझ्याकडेच. भाड्याने द्यायचे रबरी सूट खुंट्यांना टांगलेत, संध्याकाळी रांगेत उभ्या माणसांसारखे दिसतात. पण काळजी करू नकोस, शिट्टी आहे सोबत. माझा जोडीदार, तुला मागे सांगितलं होतं बघ, दिवसभर शिट्टी वाजवतो आणि फक्त पाण्याखाली गप्प बसतो. आमच्या कामात एकट्याने खाली जायचं नाही हा नियम. शिट्टी माझ्यापासून दोन हातांपेक्षा लांब कधी जात नाही.

आता काम. मला सेंटरच्या पाण्याखालच्या कॅमेऱ्याला एक पट्टा शिवून हवाय. कॅमेरा जाड कवचात असतो, दोन बाजूंना दोन मुठी, वर दांड्यांवर दोन दिवे. जमिनीवर भरलेल्या घागरीएवढा जड. पाण्यात वजन जातं, पण मग तो लाटेबरोबर भटकायला लागतो. कॅमेरा घेऊन उडी मारायची नाही, हा आमचा पहिला धडा. आधी आपण उडी मारायची, वळायचं, हात वर करायचा. वरचं माणूस वाकून कॅमेरा हातात देतं, मुठीला धरून, दिव्यांना धरून नाही. मग तो आखूड पट्ट्याने छातीवरच्या कडीला अडकवायचा. पोटाशी राहिला पाहिजे, लोंबकळला तर खडकाला घासतो.

तर पट्टा हातभर पुरे. एक टोक मुठीला कायमचं शिवायचं, दुसऱ्या टोकाला क्लिप, जी एका दाबात सुटेल. हातमोजा घातलेल्या हाताने, न बघता. कारण विचारत बसू नकोस, पाण्यातली रीत आहे. मुठीचं माप सोबतच्या दोरीवर गाठ मारून पाठवतोय.

तुझा,
पाणकोंबडा

*

१५ नोव्हेंबर

प्रिय पाणकोंबड्या,

अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी, दुसऱ्यांदा पट्ट्यासाठी, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या घड्याळवाल्या भाऊंना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्यांच्याकडेही आज गिऱ्हाईक नव्हतं.

पट्टा पाठवते आहे. कोरा नायलॉन आहे, मेण लावलेला दोरा, आणि चारही ठिकाणी चौकोन घालून त्यात फुली मारलेला टाका. आपल्या बाबांचा टाका. बैल बांधलास तरी सुटणार नाही.

क्लिप मात्र मी लावलेली नाही. रागावू नकोस. तू माशांचं बघ, पट्ट्यांचं मला बघू दे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दप्तरांपैकी निम्मी क्लिपपायीच येतात. पोरं म्हणतात पट्टा तुटला, आणि बघावं तर पट्टा ठणठणीत, क्लिपनेच जीव सोडलेला. एका दाबात सुटणारी वस्तू नको तेव्हाही सुटते. म्हणून मी दुसऱ्या टोकाला फास केला आहे. मनगटात घालायचा आणि ओढायचा. आत धातूची कडी अशी बसवली आहे की जितकं ओढशील तितका घट्ट होईल. आता समुद्र उलटा झाला तरी तुझा कॅमेरा तुझ्याजवळ राहील.

शिट्टीसाठी लोकरीची टोपी ठेवली आहे. जो माणूस माझ्या भावापासून दोन हातांवर राहतो त्याचे कान थंड पडता कामा नयेत.

इथे सगळं तसंच. जिन्याखालचं दुकान, मशीन, मी. चिरंजीव त्यांच्या देशात सुखी आहेत. रविवारी नातू पडद्यावर येतो, मला "हॅलो" म्हणतो आणि पळतो. त्याची पाठ मला चांगली ओळखीची झाली आहे.

तुझी,
ताई

*

२८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पार्सल मिळालं. पट्टा बघून शिट्टीने जी लांब शिट्टी मारली ती तुला ऐकू आली असती तर बरं झालं असतं. टोपी घालूनच झोपतो. म्हणतो, ताईंना सांग, आता मी सुधारलो.

क्लिप नाही हे चालेल. खरं तर सोयीचंच झालं. बोटी बंद आहेत, तेव्हा आम्ही धक्क्याच्या लोखंडी शिडीने उतरतो. शिडीला दोन्ही हात लागतात. कॅमेरा मनगटाला असला की हात मोकळे.

धक्क्याच्या खांबापाशी एक जुना टायर पडलाय, त्यात एक म्हातारा मासा राहतो. आम्ही त्याला भाडेकरू म्हणतो. दिवसभर आत बसून फक्त खालचा ओठ बाहेर काढतो. मला त्याचा पूर्ण तोंडाचा फोटो हवाय, दोन्ही डोळे दिसतील असा. रोज जातो, रोज तो मला ओठ दाखवतो. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच.

संध्याकाळी दोन कप चहा करतो. गप्पा होतात. तू उगाच काळजी करतेस.

तुझा,
पाणकोंबडा

*

१० डिसेंबर

प्रिय पाणकोंबड्या,

शिट्टीच्या पायाचं माप कळव. लोकर उरली आहे, मोजे होतील. आणि त्याला घर-संसार आहे की नाही? तू कधी लिहीत नाहीस. त्याला म्हणावं, ताईला दोन ओळी लिही, टोपी घेताना लाज वाटली नाही तर लिहिताना कसली वाटते.

शाळेच्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळे दुकान थंड. परीक्षेत पोरांची दप्तरं हलकी होतात आणि माझा गल्लाही. भाऊंनी मला दुपारी ऐकायला एक बंद पडलेलं घड्याळ चालू करून दिलं. म्हणाले, कोणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, एकच शब्द परत परत बोलणारं माणूस माझ्या घरी बरीच वर्षं होतं, आता नको. पण घेतलं.

भाडेकरूने डोळे दाखवले का?

तुझी,
ताई

*

१९ जानेवारी

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. अक्षर वाकडं आहे, उजवा हात जरा मुरगळलाय, विशेष काही नाही. शिडीवरून पाय घसरला.

वाईट बातमी सांगायची आहे. कॅमेरा गेला. खाली असताना पट्टा तुटला आणि कॅमेरा खोल गेला. तुझा दोष नाही. खारं पाणी दोरा कुजवतं, माहीत असायला हवं होतं मला. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

मालकांना अजून कळवलं नाही. सीझन उघडेल तेव्हा कॅमेऱ्याशिवाय फोटोवाल्याचं काय काम, पण ते पुढचं पुढे.

शिट्टी तुला नमस्कार सांगतो. फोनवर माप सांगितलं होतं तसे मोजे छान बसले.

तुझा,
पाणकोंबडा

*

२७ जानेवारी

पाणकोंबड्या,

कॅमेरा गेला याचं मला वाईट वाटलं. फार वाटलं. आता दुसरं सांगते.

दोरा कुजला? माझा दोरा? दोन महिन्यांत? तोच दोरा मी उघड्यावर बांधायच्या ताडपत्र्यांना घालते, त्या वर्षानुवर्षं ऊनपाणी खातात. तोच दोरा अर्ध्या गावातल्या पोरांच्या पाठीवर आहे. तो तुटत असेल तर मला ती सगळी दप्तरं परत बोलवायला हवीत.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी दुकान उघडलं तरी मशीनला हात लावला नाही. एक बाई पिशवी घेऊन आल्या, त्यांना म्हटलं उद्या या. बाबा म्हणायचे, तुटलेला पट्टा बघितल्याशिवाय नवा शिवू नये. तुझ्या मनगटावर राहिलेला तुकडा मला पाठव. कुठल्या टाक्यातून गेला ते मला बघायचं आहे. मी तोवर काही शिवणार नाही.

हाताला शेक दे. शिट्टीला म्हणावं, लक्ष ठेव.

तुझी,
ताई

*

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अगं, एवढं काय मनावर घेतेस. तुकडा होता, पण तो मी फेकला बहुतेक. चिंधीच झाली होती. शिट्टीही म्हणत होता की टाका चांगलाच होता, समुद्राचंच काही सांगता येत नाही. तू आपलं काम चालू कर बरं. त्या बाईंना पिशवी शिवून दे.

हात बरा आहे. इथे थंडी वाढली आहे. बाकी ठीक.

तुझा,
पाणकोंबडा

*

१५ फेब्रुवारी

पाणकोंबड्या,

तू लहानपणापासून बसची तिकिटं फेकत नाहीस. तुकडा पाठव.

दुकान बंद आहे.

ताई

*

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सापडला. पाठवतोय. फार निरखून बघू नकोस, काही अर्थ नाही. बघ आणि दुकान उघड.

तुझा,
पाणकोंबडा

*

४ मार्च

माझ्या पोरा,

तुकडा मिळाला. पाकीट उघडलं तेव्हा आधी आनंद झाला, तो तुला सांगून टाकते, कारण पुढे आनंदाचं काही नाही. तुकड्यावरचे माझे दोन्ही टाके जसेच्या तसे होते. एक दोरा हललेला नव्हता. मी भाऊंना हाक मारली, म्हटलं बघा, सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. मग पट्टा तुटला कुठे म्हणून टोक पाहिलं.

टोक केसाळ होतं. तू दगडावर घासलंस ना? घासलंस ते बरं घासलंस, पण वरवर. ओढून तुटलेल्या नायलॉनचा एकेक धागा वेगळ्या लांबीवर तुटतो. इथे सगळे एका तिरप्या रेषेत. मी भाऊंचं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. टोकाच्या अलीकडे पट्ट्यावर आणखी दोन चिरा आहेत, अर्धवट, एकमेकींशेजारी. त्या घासायला तू विसरलास. कोणीतरी सुरीने कापायचा प्रयत्न केला, जमलं नाही, परत केला, जमलं नाही, आणि तिसऱ्यांदा जमलं. तिन्ही चिरा डाव्या हाताच्या आहेत. मी जन्मभर पट्टे कापते आहे, कुठल्या हाताने सुरी फिरली ते मला कळतं. तू डावखुरा नाहीस. डाव्या हाताने तुला साधा कागद कापता येत नव्हता, पतंगाचं शेपूट मी कापून द्यायची.

म्हणजे उजवा हात अडकला होता. माझ्या फासात.

जितकं ओढशील तितका घट्ट होईल. हे मीच लिहिलं होतं, किती ऐटीत लिहिलं होतं. तू क्लिप का मागितलीस ते मला आता कळलं. एका दाबात, न बघता, हातमोज्याने. आणि मी तुला शहाणपण शिकवलं. मी बैल बांधायचा पट्टा केला आणि माझ्या भावाला बांधून पाण्यात सोडला.

पट्टा तुटला असं तू का लिहिलंस तेही कळलं. दोरा कुजला म्हटलंस तर ताई चिडेल, चिडली तर चिडू दे, एवढंच ना? चिडलेली ताई तुला परवडली.

पण अजून एक आहे, आणि ते मला आणखी छळतं आहे. शिट्टी दोन हातांवर होता. मग तुझी सुटका त्याने का केली नाही? त्याला तर दोन्ही हात होते. मी हे भाऊंना विचारलं. ते भिंग पुसत राहिले. मग माझं मलाच उत्तर मिळालं.

टोपी कोण घालतं रे?

तुझी,
ताई

*

१२ मार्च

प्रिय ताई,

टोपी कोणी घालत नाही. टोपी, मोजे, मोज्यांबरोबर तू पाठवलेला छोटा बटवा, सगळं शिट्टीच्या रिकाम्या खाटेवर घडी घालून ठेवलंय. शिट्टी ऑक्टोबरातच गेला. बोट जिथून सुटते त्या गावात त्याला पंपांच्या दुकानात नोकरी लागली. त्याला मुलगी झाली आहे, त्याला रात्री घरी असायचं होतं. मी त्याला निरोप द्यायला धक्क्यावरही गेलो नाही. आत बसून सिलिंडर मोजत राहिलो, जसे काही ते पळून जाणार होते. त्यामुळे नंतर त्याला ये म्हणायला तोंड राहिलं नाही.

पहिल्या पत्रात त्याचं नाव तुझी काळजी जावी म्हणून लिहिलं. पुढे तू त्याच्या पायाचं माप विचारलंस, मग मला तो इथे असल्यासारखाच वाटायला लागला. तुला पत्र लिहायचं असलं की दिवसभर विचार करायचो, आज शिट्टी काय म्हणाला असता. दोन कप चहा खरंच करतो. दुसरा गार झाला की मीच पितो.

त्या दिवसाचं आता नीट सांगतो, म्हणजे तू मनात त्याहून वाईट काही रचत बसणार नाहीस. भाडेकरूने त्या दिवशी डोळे दाखवले. दोन्ही. मी फोटो काढला आणि आनंदाने मागे सरकलो, तेव्हा दिव्याची दांडी खांबाला गुंडाळलेल्या जुन्या जाळ्यात शिरली. मी ओढलं. ओढायला नको होतं. जाळं घट्ट, फास घट्ट. जोडीदार असता तर त्याने जाळं सोडवलं असतं, एवढंसं काम होतं. हवेचा काटा बघितला आणि सुरी काढली. सुरी उजव्या हाताने काढायच्या बाजूला लावलेली, ती डाव्या हाताने काढताना एकदा सुटता सुटता राहिली. बाकी तू भिंगातून पाहिलंच आहेस. वर आलो, साबण लावून फास मनगटातून काढला.

तू बांधलंस म्हणू नकोस. मी क्लिपचं कारण लिहिलं नाही, कारण तू घाबरली असतीस. पट्टा आल्यावर मला दिसलं होतं की तो चुकीचा आहे. नवशिक्यालाही मी तो वापरू दिला नसता. पण तुझ्या हातचा होता, मनगटात घातला की कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटायचं. म्हणून वापरला.

कॅमेरा खोल गेलेला नाही. तिथेच जाळ्यात आहे. त्या संध्याकाळी त्याचे दिवे खाली जळत होते, मी धक्क्यावर बसून बघत होतो, हळूहळू पिवळे होत विझले. तेव्हापासून पाण्यात उतरलो नाही. भीती वाटते, ताई. पण सीझन तोंडावर आलाय आणि कॅमेऱ्याशिवाय मालक मला ठेवणार नाहीत, आणि इथून कुठे जायचं ते मला माहीत नाही. या महिन्याच्या चौथ्या रविवारी ओहोटी चांगली आहे. जाऊन घेऊन येईन. तुला न सांगता जाणार होतो, आता सांगितलं.

तुझा,
पाणकोंबडा

*

२० मार्च

पाणकोंबड्या,

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. बोटीवर सामान आणणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे, म्हणजे रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल. टपालावर माझा विश्वास आहे, पण इतका नाही.

तू एकटा उतरायचं नाहीस. मी येते आहे.

मी बोट सुटते त्या गावात पोचले. पंपांची दुकानं बरीच आहेत, पण एकाच दुकानातून शिट्टी ऐकू येत होती. आत गेले आणि म्हटलं, टोपी आवडली का? बिचारा गोंधळला. मग सगळं सांगितलं. तो आत जाऊन मालकाकडे रविवारची सुट्टी मागून आला. तू निरोप द्यायला आला नाहीस याचं त्याला वाईट वाटलं होतं, पण त्याला वाटलं तुलाच राग आला असेल. दोन गाढवं. त्याच्या घरी मुक्काम केला आहे. त्याची मुलगी माझी वेणी सोडत नाही.

नवा पट्टा शिवला. क्लिप लावली आहे. बाजारातल्या सगळ्या क्लिपा घड्याळवाल्या भाऊंच्या टेबलावर मांडून, घरातले जाड हातमोजे घालून, डोळे मिटून एकेक सोडून बघितली. जी पहिल्या दाबात सुटली तीच घेतली. एका दाबात सुटणारी वस्तू शोधायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. पण वाकता येतं. शिट्टी तुझ्याबरोबर खाली, मी वर. मुठीला धरायचं, दिव्यांना नाही, हे मी पाठ केलं आहे.

तीन कप चहा ठेव.

तुझी,
ताई

*

९ एप्रिल

प्रिय ताई,

तू पोचल्याचं कळलं. दुकान उघडलंस आणि त्या बाई पिशवी घेऊन परत आल्या हे वाचून बरं वाटलं.

आपण तिघांनी त्या रविवारी वर काढलेल्या कॅमेऱ्यातला फोटो सोबत पाठवतोय. भाडेकरू, दोन्ही डोळ्यांसह. कवचात थेंबभर पाणी शिरलं नव्हतं, बाहेरून मात्र शेवाळाची दाढी वाढली होती. घासून स्वच्छ केलाय. मालकांचं पत्र आलं, महिनाअखेर येतात. नवीन जोडीदारही बघतो म्हणाले. शिट्टी टोपी घेऊन गेला, मोजे त्याला लहान झाले. ते मी घालतो. मापं मी माझ्याच पायाची कळवली होती.

आता एक सांगतो, तुला न सांगता राहवत नाही. तू बसायचीस ती लाकडी पेटी अजून धक्क्याच्या कडेलाच आहे. आत न्यायची राहून गेली, म्हणजे नेली नाही. काल समुद्र अगदी शांत होता. मी सूट चढवला, सिलिंडर बांधला. कॅमेरा नव्या पट्ट्यासकट पेटीवर ठेवला, जसा तू त्या रविवारी प्रत्येक उडीआधी ठेवायचीस. आणि उडी मारली. वळलो आणि हात वर केला.

किती वेळ तसाच होतो कोण जाणे. हात वर, आणि वर पेटी, कॅमेरा, मागे आभाळ. कॅमेरा माझ्यापासून जेमतेम दोन हातांवर होता. शिडीवरून घेता आला असता.

नाही घेतला. वर आलो, अंग पुसलं, कॅमेरा गोड्या पाण्यात धुऊन आत ठेवला. तो भिजलेला नव्हता, तरी धुतला. एक कप चहा केला आणि तुला लिहायला बसलो.

तुझा,
पाणकोंबडा